गाडीखालची जागा : दापोडी ते चाकण

मोटारगाडीचे जे भाग सर्वांत लवकर झिजतात, ते बहुधा जमिनीच्या सर्वांत जवळ असतात, आणि म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला पाना हाती घेण्याआधी गाडीखाली जागा मिळवावी लागते. ती मिळवण्याचे मार्ग तीनच आहेत : माणसाने जमिनीत उतरावे, गाडी एका अंगावर कलवावी, किंवा ती सबंध वर उचलावी. दापोडीपासून भोसरी, चिंचवड, आकुर्डीमार्गे चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात हे तिन्ही मार्ग गेल्या पाऊणशे वर्षांत वापरले गेले, आणि घराच्या आवारात उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या शेडची लांबी, उंची आणि जमीनही त्यांनीच ठरवली. या पट्ट्याचा इतिहास आजवर मोठ्या कारखान्यांच्या प्रवेशद्वारावरून लिहिला गेला. वाहन उचलण्याच्या साधनांवरून तो पाहिला, तर कारखान्यातले कौशल्य घरच्या आवारात कसे उतरले आणि त्या वाटेवर काय मागे राहिले, हे अधिक स्पष्ट दिसते.

मोटार येण्याआधी चाकण ही खेड तालुक्यातील बाजारपेठ होती आणि कांदा-बटाट्याच्या व्यापारासाठी तिचे नाव होते. तेथे येणाऱ्या बैलगाड्यांची दुरुस्ती सुतार आणि लोहार करीत. आखाखाली लाकडी टेकू देऊन चाक मोकळे करणे, त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवणे आणि आखाला वंगण घालणे, एवढ्यावर बहुतेक काम भागत असे. गाडी उंच, चाके मोठी आणि वजन चार माणसांच्या खांद्यांना पेलणारे असल्यामुळे गाडीखालची जागा हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा केला एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि पुढे दापोडीची मध्यवर्ती कार्यशाळा बसगाड्यांची बांधणी व मोठी दुरुस्ती यांचे ठिकाण बनली. एसटीच्या आगारात बसच्या तपासणीसाठी जो लांबट, बांधीव खड्डा असतो, ज्याच्या दोन्ही काठांवर बसची चाके उभी राहतात आणि ज्यात उतरून यांत्रिक कारागीर ब्रेक, स्प्रिंगचे पाटे आणि गिअरपेटी डोक्यावर पाहत काम करतो, तो खड्डा हीच या प्रदेशातील गाडीखालच्या जागेची पहिली पक्की वास्तू म्हणता येईल. त्यासाठी वीज लागत नाही, त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि कितीही जड वाहन त्यावर उभे राहू शकते. म्हणूनच महामार्गालगतच्या खासगी गॅरेजांनीही तो उचलला. ज्यांना खोदणे शक्य नव्हते, त्यांनी दोन समांतर दगडी किंवा विटांच्या चढणी बांधल्या. गाडी त्यांवर चढवून खालून धुण्याच्या किंवा ग्रीस भरण्याच्या या सोयीला सर्वत्र रॅम्प म्हणतात.

खड्ड्याचे तोटे मात्र या भूमीतच दडलेले होते. पावसाळ्यात त्यात झिरपून पाणी साचते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली उतरून खड्ड्याच्या तळाशी थांबते आणि हातदिव्याची एखादी ठिणगीही तिला पुरते. डिझेलवर चालणाऱ्या बसच्या आगारात हा धोका तुलनेने कमी होता. पेट्रोलच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या घरच्या शेडमध्ये तो पुष्कळच अधिक होता.

पट्ट्याचे रूप पालटले ते यानंतरच्या दोन दशकांत. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील एमआयडीसी, अस्तित्वात आले. बजाज ऑटोचे स्कूटर आणि रिक्षांचे उत्पादन आणि बजाज टेम्पोचा कारखाना यांमुळे आकुर्डीचे माळरान वाहनांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आणि १९६६ मध्ये टाटांच्या टेल्कोने पुण्याच्या प्रकल्पाचा पाया घातला. टेल्कोच्या प्रकल्पाची एक गोष्ट या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली तेथे वाहने बनवण्याआधी प्रशिक्षण विभाग आणि यंत्रे व साचे बनवणारे विभाग उभे राहिले, तर पुण्यात बनलेले पहिले व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. म्हणजे दशकभर हा कारखाना वाहनांच्या आधी फिटर, टर्नर आणि टूलमेकर घडवत होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने मोठ्या कारखान्यांवर असे शिक्षण देण्याचे बंधन घातले होते, आणि आयटीआयमधून आलेल्या मुलांना या कारखान्यांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची शिस्त लागत होती.

याच कारखान्यांत कारागिराने उचलण्याचे शास्त्र पाहिले. डोक्यावरच्या रुळांवरून सरकणारी क्रेन आणि चेन कप्पी, म्हणजे दातेरी चक्रांच्या साहाय्याने हाताच्या साखळीवरील थोड्या ओढीने जड वजन सावकाश वर नेणारे साधन, ही त्याच्या रोजच्या वापरातील झाली. पैकी क्रेन घरी नेणे अशक्य होते; चेन कप्पी शक्य होती. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली आणि १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, तोवर गावठाणातील वाड्यांच्या परसात आणि नव्या वसाहतींच्या कडेला शेड दिसू लागली होती. तिची रचना सर्वांच्या परिचयाची आहे : चार किंवा सहा खांब, त्यांवर अँगलच्या कैच्या, वर नालीदार पत्रा, खाली कोबा आणि पुढे ओढून घ्यायचे शटर. राहण्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोलीपासून वर्कशॉपची शेड वेगळी ओळखू येते ती आडव्या गर्डरमुळे. इंग्रजी आय अक्षराच्या आकाराची ही लोखंडी तुळई दोन खांबांवर टेकवून तिला कप्पी टांगली, की इंजिन गाडीतून बाहेर काढता येते. कैचीच्या पातळ अँगलला कप्पी अडकवून इंजिन उचलणारेही होते, आणि छपराचे वजन पेलण्यासाठी बेतलेली कैची टांगलेल्या इंजिनाच्या ओझ्याने वाकली, तर दोष पत्र्याचा नसे. भार कोणावर टाकायचा याचा हिशेबच तेथे झालेला नसे.

इंजिन काढता आले तरी गाडीखालची जागा अद्याप मिळालेली नव्हती. परंतु या पट्ट्यात तिची निकड काही काळ लांबली, याचे कारण येथे बनणारी वाहने. सुरुवातीला वेस्पाच्या परवान्यावर बनलेली आणि १९७२ पासून चेतक नावाने आलेली बजाजची स्कूटर एका अंगावर सहज कलवता येते. तीनचाकी रिक्षा दोघातिघांनी मिळून कुशीवर पाडली, खाली जुने टायर दिले, की तिचा तळ भिंतीसारखा समोर उभा राहतो आणि कारागीर बसल्या जागी काम करू शकतो. ही युक्ती कोणत्याही तांत्रिक पुस्तकात मानाने नोंदलेली नाही, तरी लाखो वाहने वर्षानुवर्षे रस्त्यावर टिकवण्यात तिचा वाटा मोठा आहे. ट्रकचा प्रश्न उलट्या कारणाने सुटत होता : तो इतका उंच असतो की चाकांना दगड लावून, पोते अंथरून त्याखाली झोपता येते. अडचण होती ती मोटारीची, कारण ती कलवता येत नाही आणि तिच्याखाली धड शिरताही येत नाही.

ही अडचण टोकाला नेली मोटारीच्याच बदललेल्या रचनेने. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० पासून आणि १९९८ मध्ये याच पट्ट्यात तयार झालेल्या टाटा इंडिकापासून छोट्या मोटारीत इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरवण्याची पद्धत रूढ झाली. इंजिन, क्लच आणि गिअरपेटी एकाच अरुंद जागेत आल्यामुळे क्लचप्लेट बदलण्याचे नेहमीचे कामही खालून गिअरपेटी उतरवल्याशिवाय होईना. जॅकवर गाडी उचलून घोडीवर, म्हणजे तीन-चार पायांच्या लोखंडी टेकूवर, ठेवली तरी उताण्याने पडून गिअरपेटी छातीवर पेलण्याची वेळ येते. जेथे घोडीऐवजी विटा रचल्या जात, तेथे तर प्राणच पणाला लागे, कारण वीट एकाएकी फुटते आणि जॅकमधील तेलाचे सील कधी दगा देईल हे सांगता येत नाही.

सबंध गाडी उचलणारी लिफ्ट जगात नवी नव्हती. अमेरिकेतील मेम्फिस शहरात पीटर लुनाती यांनी १९२५ च्या सुमारास द्रवदाबावर चालणारी मोटारीची लिफ्ट बनवली, आणि तिच्यामागचे तत्त्व, बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा पास्कलचा नियम, सतराव्या शतकातील आहे. भारतात १९६० मध्ये स्थापन झालेल्या कोइमतूरच्या एल्जीसारख्या कंपन्यांनी गॅरेजची साधने देशातच बनवली; ती आधी कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांत पोहोचली आणि घरच्या शेडपर्यंत यायला फार वर्षे लागली. शेडमध्ये जी आली, ती बहुधा टू-पोस्ट लिफ्ट : दोन खांब, प्रत्येक खांबातून पुढे येणारे दोन-दोन हात आणि त्यांवर गाडीच्या बैठकीचे चार ठरलेले बिंदू. तिच्या एका प्रकारात मोटर उभा स्क्रू फिरवते आणि त्यावरचा नट हातांना वर नेतो. दुसऱ्यात पंप तेलाचा दाब देऊन नळकांड्यातील दट्ट्या ढकलतो. दाब गेला तरी गाडी खाली येऊ नये म्हणून खांबात खटके असतात, आणि गाडी चढताना होणारा त्यांचा टक-टक आवाज हीच कारागिराची खात्री असते.

लिफ्ट आणणे सोपे; तिला साजेशी शेड उभी करणे अवघड. गाडी साधारण सहा फूट वर गेली आणि तिची स्वतःची उंची पाच फूट धरली, तर छपराखाली किमान बारा फुटांची मोकळी जागा लागते, म्हणून जुन्या शेडचे पत्रे उतरवून, खांबांना तुकडे जोडून ती वर घ्यावी लागली. कोब्याचा प्रश्न याहून गंभीर. टू-पोस्ट लिफ्टचे खांब छपराला टांगलेले नसतात, तर तळाच्या पट्टीतून काँक्रीटमध्ये गेलेल्या अँकर बोल्टांनी जमिनीला धरलेले असतात, आणि हात पुढे आलेले असल्यामुळे गाडीचे वजन खांबाला सतत आत ओढते. दोन-अडीच इंचांचा कोबा ही ओढ सोसू शकत नाही. या पट्ट्यातील जमीन एकसारखी नाही : कोठे बेसाल्टचा कातळ वर आलेला, कोठे त्याच्या झिजेतून बनलेला मुरूम, तर नदीकाठच्या सखल शिवारांत काळी माती. मुरूम दाबून बसवला की घट्ट राहतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, व तिच्यावर टाकलेले काँक्रीट तडकले की बोल्ट सैल होतो. म्हणून जाणते गवंडी काळी माती काढून, मुरूम भरून, धुम्मसाने ठोकून मगच सळईसह जाड काँक्रीट घालतात आणि ते पुरते पक्के होईपर्यंत लिफ्ट उभी करू देत नाहीत. शेडच्या किमतीत हे काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच काटकसर प्रथम तेथे होते, आणि ती सर्वांत महाग पडते.

कायद्याने या काटकसरीला आवर घातला नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दुरुस्तीलाही उत्पादनप्रक्रिया मानले, कलम २८ ने उद्वाहकांची दर सहा महिन्यांनी आणि कलम २९ ने क्रेन, कप्पी, साखळदंड यांची बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली आणि कलम ३३ ने खड्डे झाकण्याचे वा त्यांना कठडा घालण्याचे बंधन घातले; परंतु मूळ अधिनियमात कारखाना होण्यासाठी वीज असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगारांची अट होती. कलम ८५ ने लहान जागांनाही अधिनियम लावण्याचा अधिकार राज्याला दिला, तरी केवळ कुटुंबीयांच्या मदतीने मालक स्वतः काम करीत असेल तेथे तो चालत नसे. बाप, मुलगा आणि पुतण्या ज्या शेडमध्ये टनभर वजनाच्या गाडीखाली उभे राहतात, ती शेड अशा रीतीने कायद्याच्या नजरेबाहेर राहिली. कायद्याने माणसे मोजली, डोक्यावरचे वजन मोजले नाही; ही उणीव आहे, आणि ती आर्थिक दुर्बलतेच्या नावाखाली क्षम्य मानता येत नाही.

पुढे उत्पादनाचा ओघ उत्तरेकडे सरकला. १९९९ मध्ये बजाजचा चाकण प्रकल्प सुरू झाला, २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना उघडला, आणि पुणे-नाशिक महामार्गालगत मोशीपासून पुढे शेडची रांग लांबत गेली. यातील पुष्कळ शेड परवानगीच्या चौकटीबाहेर उभ्या होत्या; फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातील हजारो बांधकामे पाडली, त्यांत भंगाराच्या गोदामांबरोबर लहान वर्कशॉपही होती. पत्रे आणि अँगल सुटे करून दुसरीकडे नेता येतात, यंत्रेही हलवता येतात. मुरूम भरून घातलेले काँक्रीट मात्र तेथेच राहते.

२०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेत विजेवरच्या चेतकचे उत्पादन सुरू झाले. स्कूटर कलवता येते, परंतु विजेच्या मोटारींत शेकडो किलोंचा बॅटरीसंच तळाशी सपाट बसवलेला असतो आणि तो खालूनच उतरवावा लागतो. त्यामुळे गाडी तर उचलायचीच, शिवाय सुटलेला संच झेलण्यासाठी खाली वर-खाली होणारे चाकांचे टेबल सरकवायचे, एवढी मोकळी, सपाट आणि कोरडी जमीन लागते. खड्ड्यावर हे काम होत नाही.