मोटारीच्या दारावरची ठिणगी

हिंवाळ्याचे दिवस असावेत, वाईहून पसरणीचा घाट चढून एखादी मोटार पांचगणीच्या पेठेंत येऊन उभी राहावी, आंतील गृहस्थांनीं अंगावरची लोकरीची शाल सांवरीत खालीं उतरावें, आणि दार लावण्यासाठीं हात पुढें करतांच बोटाच्या टोंकाला सुई टोंचल्यासारखा चटका बसावा, हा अनुभव तेथें जाणाऱ्या प्रवाशांस अपरिचित नाहीं. अंधार असला तर बारीकशी निळसर ठिणगीहि दिसते. गृहस्थ दचकतात आणि दोष मोटारीला देतात. बॅटरीची तार कोठें तरी उघडी पडली असावी असा तर्क निघतो, आणि शोफर बिचारा झांकण उघडून तारा तपासूं लागतो. परंतु या प्रकरणांत बॅटरी निर्दोष असते. मोटारीच्या नेहमींच्या बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट. तेवढ्यानें कोरड्या बोटाला कांहींच जाणवत नाहीं. बोट आणि पत्रा यांमधील एका मिलिमीटरची कोरडी हवा भेदून ठिणगी पडावयास सुमारें ३,००० व्होल्ट लागतात. हा दाब निर्माण करणारें यंत्र म्हणजे मोटार नसून उतरणारा माणूसच होय.

हा चटका थंडींतच कां बसतो आणि पावसाळ्यांत कां बसत नाहीं, याचें उत्तर हवेंत आहे. आणि हवा हेंच तर पांचगणीच्या जन्माचें कारण. महाबळेश्वरचा धुंवाधार पाऊस सुरू झाला कीं तेथें राहणें साहेब लोकांस अशक्य होई. बाराहि महिने राहतां येईल अशी जागा त्यांना हवी होती. ती सुमारें १,३०० मीटर उंचीवर, दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पांच गांवांच्या मध्यें सांपडली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या देखरेखीखालीं तेथें वसाहत उभी राहिली. पुढें १९१२ सालीं डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं ‘बेल एअर’ आरोग्यधाम स्थापिलें, तेंहि याच हवेच्या भरंवशावर. पावसाळा सरला कीं ही हवा कोरडी होत जाते. दमट हवेंत कपड्यांवर आणि आसनांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो, आणि त्यावरून विद्युद्भार मुकाट्यानें वाहून जातो. कोरड्या हवेंत ही वाट बंद होते. जी हवा रोग्यांस हितकर म्हणून नांवाजली गेली, तीच बोटावरच्या ठिणगीस अनुकूल ठरते.

या ठिणगीचा इतिहास मोटारीहून फार जुना आहे. घांसलेला तृणमणी गवताची काडी ओढून घेतो, हें प्राचीनांस माहीत होतें. आपल्याकडील ‘तृणमणी’ हें नांव आणि फारशी ‘कहरुबा’ हा शब्द, दोन्हींत काडी ओढण्याचीच खूण आहे. ग्रीक लोक याच मण्यास ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत. त्यावरून इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्ट यानें १६०० सालच्या आपल्या ग्रंथांत या आकर्षणाचें नामकरण केलें. तथापि हा गुण मण्याचा, कांचेचा किंवा गंधकाचा आहे अशीच समजूत होती. माणसाचें शरीरहि यांत भागीदार आहे, हें कळावयास अठरावें शतक उजाडावें लागलें.

तें दाखविलें लंडनच्या स्टीफन ग्रे यानें. हा मूळचा रंगाऱ्याच्या धंद्यांतला. उतारवयांत चार्टरहाउस नांवाच्या धर्मादाय आश्रमांत राहून तो प्रयोग करी. १७२९ सालीं एक लांब सुतळी रेशमी धाग्यांवर तोलून त्यानें कांचेच्या नळींतील वीज शेंकडों फूट दूर नेली. रेशीम तुटलें म्हणून त्याच्या जागीं पितळेची बारीक तार लावली, तों सारी वीज नाहींशी झाली! जाडीचा येथें संबंध नाहीं, द्रव्याचा आहे; धातु विजेला वाट देते, रेशीम देत नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढच्याच वर्षीं त्यानें एका मुलाला दुर्वाहक दोरांनीं आडवें टांगलें आणि घांसलेली नळी त्याच्या पायांशीं नेली. तेव्हां पितळी वर्खाचे कण त्या मुलाच्या तोंडाकडे उडूं लागले. थोड्याच काळानें फ्रान्समध्यें दुफे यानें स्वतःलाच रेशमी दोरांवर टांगवून घेतलें, आणि दुसऱ्यानें हात जवळ नेतांच टोंचणारी ठिणगी उडाली. पांचगणीच्या पेठेंत दचकणारे गृहस्थ नकळत दुफेचाच प्रयोग करीत असतात. रेशमी दोराचें काम त्यांच्या जोड्याचा रबरी तळ करतो, इतकेंच.

हें घडतें तें असें. प्रवासांत शाल, कोट किंवा पॉलिएस्टरचा सदरा आसनाच्या आच्छादनावर दाबला जातो व घांसला जातो. दोन भिन्न द्रव्यें अशीं स्पर्शून विलग झालीं कीं एकाचा कांहीं ऋण भार दुसऱ्याकडे राहतो. माणूस बसलेला असतो तोंवर दोन्ही भार समोरासमोर असतात आणि एकमेकांस आवरून धरतात. तो उठला कीं एक भार आसनावर राहतो, दुसरा त्याच्याबरोबर निघतो. आणि अंतर वाढतें तसा दाबहि कित्येक हजार व्होल्टांपर्यंत चढतो. जमिनीकडील वाट रबरानें अडविलेली, म्हणून तो भार पहिल्या धातूची वाट पाहतो. ती धातु म्हणजे मोटारीचें दार.

टायरांकडेहि या बाबतींत संशयानें पाहिलें जातें, आणि त्यालाहि इतिहास आहे. १८८८ सालीं डनलॉपनें हवेचा टायर प्रचारांत आणला तेव्हां रबर फिकट रंगाचें असे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यांत काजळी मिसळण्याची रीत रूढ झाली. हेतु टिकाऊपणाचा होता. पण काजळी थोडीशी वाहक असल्यानें मोटारीचा भार जमिनींत उतरविण्याचें कामहि तिनें अनायासें पत्करलें. १९९० नंतर इंधन वांचविण्यासाठीं काजळीऐवजीं सिलिका घातलेले टायर आले आणि ही वाट पुन्हां अरुंद झाली. म्हणून अशा कांहीं टायरांच्या पृष्ठभागांत काजळीच्या रबराची एक बारीक पट्टी मुद्दाम बसवूं लागले. टायर उत्तम असले तरीहि उतरणाऱ्याच्या अंगावरचा भार तेवढ्यानें जात नाहीं. कारण त्या घटकेला तो मोटारीपासून तुटलेला असतो.

या चटक्यानें निरोगी माणसास अपाय होत नाहीं. सारा भार एका क्षणाच्याहि अल्पांशांत संपून जातो. मग त्याची एवढी चर्चा कशाला? कारण तीच ठिणगी पेट्रोलच्या वाफेशीं गांठ पडली असतां निरुपद्रवी राहत नाहीं. पेट्रोलची वाफ हवेंत योग्य प्रमाणांत मिसळली असली तर एका मिलिज्यूलच्या चौथ्या भागाइतकी ऊर्जा तिला पेटवावयास पुरते. आणि माणसाला जेमतेम जाणवणाऱ्या ठिणगींतहि तेवढी ऊर्जा असूं शकते. याच भीतीनें पेट्रोल वाहणाऱ्या टाक्यांच्या गाड्यांमागें जमिनीवर घासटणारी लोखंडी सांखळी बांधीत. कोरड्या सडकेवर तिचा उपयोग बेताचाच, असें पुढें दिसून आलें. म्हणून पेट्रोल भरतांना व उतरवितांना टाकी तारेनें जमिनीशीं जोडण्याची शिस्त आली. ईथरची भूल देण्याच्या काळांत शस्त्रक्रियागृहांतहि हीच दक्षता घ्यावी लागे.

घरगुती उपाय याहून सोपा आहे, आणि त्याला कवडीचाहि खर्च नाहीं. आसनावरून उठण्यापूर्वींच दाराच्या चौकटीचा उघडा धातूचा भाग हातानें धरावा, आणि दोन्ही पाय जमिनीला टेंकेपर्यंत तो सोडूं नये. उठतांना जो भार निर्माण होतो तो त्याच वेळीं हातावाटे मोटारींत परत जातो. सांचावयास त्याला अवसरच मिळत नाहीं. रंगाचा लेप किंवा प्लॅस्टिकची मूठ धरून मात्र हें साधत नाहीं. धरावयाचें विसरलेंच, तर बोटाऐवजीं मुठींत घट्ट धरलेल्या किल्लीनें प्रथम पत्र्याला स्पर्श करावा; ठिणगी किल्लीवर पडते आणि बोटाची आग वांचते. कोरड्या दिवसांत सुती कपडे व सुती आच्छादनें बरीं. पेट्रोल भरलें जात असतां गाडींत पुन्हां पुन्हां चढूं-उतरूं नये. पेट्रोल डब्यांत घ्यावयाचें असेल तर डबा गाडींत न ठेवतां जमिनीवर ठेवूनच भरवावा.

थंडीच्या सुट्टींत पांचगणीस निघालेल्या कुटुंबांतील वडील मंडळींनीं मुलांना एवढी एक संवय लावून द्यावी. घाट संपून गाडी थांबली कीं आधीं हात चौकटीला, मग पाय जमिनीला. पेठेंत तिचा लाभ एका चटक्यापुरताच वाटेल; पण पेट्रोलच्या पंपाशीं गाडी उभी असतां हीच संवय एखादे वेळीं फार मोठा अनर्थ टाळील.