मोठ्या बाबाजींची दोन वर्षं



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा डबे, सहली, गॅदरिंग असं काहीतरी लिहावं असं आधी वाटलं. पण ते बाकीचे लिहितीलच. मला एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती याच शाळेच्या पटांगणावर झाली होती, म्हणून हा लेख.

नववीत असताना १५ ऑगस्टला मी भाषण केलं होतं. काहींना आठवत असेल, कारण बक्षीस मिळालं होतं आणि पुढचा आठवडाभर मी जमिनीवर नव्हते. भाषणात मी ठासून सांगितलं होतं : "माझे पणजोबा १९४२ च्या तुमसरच्या गोळीबारात आघाडीवर होते आणि त्यांनी दोन वर्षं तुरुंगवास भोगला." टाळ्या पडल्या. नंतर वऱ्हांड्यात आपल्या इतिहासाच्या सरांनी मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "दोन वर्षं कोणत्या तुरुंगात होते गं? कागद आहे का घरी?" मी म्हटलं, "घरी सगळे सांगतात, सर." सर हसले. "मग विचारून ठेव. सांगणारे राहत नाहीत."

मी काही विचारलं नाही. बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी, लग्न, मुलगी... सव्वीस-सत्तावीस वर्षं गेली. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवात मुलीच्या शाळेने कुटुंबातल्या स्वातंत्र्यसैनिकावर प्रकल्प दिला. तिने वही उघडली आणि विचारलं, "आई, पणजोबांचे बाबा कोणत्या जेलमध्ये होते?" तोच प्रश्न. माझ्याकडे उत्तर तेव्हाही नव्हतं.

मग शोध सुरू केला. आधी वाटलं, सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली आहेत, एक नाव शोधायला कितीसा वेळ लागणार? पहिली अडचण नावाचीच. इंग्रजी कागदांत आपली आडनावं कशीही लिहिलेली असतात. आमचंच मी सात स्पेलिंगांनी शोधलं. दुसरी अडचण भूगोलाची. १९४२ मध्ये तुमसर महाराष्ट्रात नव्हतं, कारण महाराष्ट्रच नव्हता. भंडारा जिल्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यामुळे त्या काळाचा माग नागपूर, मुंबई, भोपाळ, दिल्ली असा चार दिशांना काढावा लागतो. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या बरंच पाहता येतं. रात्री जेवणं झाली की मी तेच करत बसायची.

चित्र हळूहळू उभं राहिलं. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच पहाटे पुढारी पकडले गेले. सांगायला कोणी उरलं नाही, तेव्हा गावोगावच्या लोकांनीच काय ते ठरवलं. विदर्भात तर आग पेटली. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टीला जे घडलं ते पुस्तकात आहे. आपल्या तुमसरलाही त्याच ऑगस्टमध्ये गोळीबार झाला आणि माणसं मेली, ते मात्र आपण पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही. धानाच्या बाजाराचं, मँगनीजच्या खाणींच्या वाटेवरचं हे गाव एवढं पेटून उठलं होतं, आणि आपण रोज त्याच रस्त्यांनी सायकली हाणत शाळेत जात होतो.

पण पणजोबांचं नाव कुठेच सापडेना. छापील स्वातंत्र्यसैनिक कोशात नाही, पेन्शनधारकांत नाही, १९७२ मध्ये ताम्रपट मिळालेल्यांत नाही. केंद्राची पेन्शन योजना १९७२ ची. तिची अट साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांची. दोन वर्षं आत असलेला माणूस या यादीतून सुटावा कसा? आमच्या काकांचं ठरलेलं उत्तर होतं, "आपले वशिले नव्हते." मला ते पटेना, आणि पटत नाही हे घरात बोलायची भीती वाटे. पणजोबांवर संशय घेणारी पणती म्हणून कोण नाव कमावणार?

याच दिवसांत कामानिमित्त डब्लिनच्या टीमशी रोज कॉल असायचे. एकदा मीटिंग सुरू व्हायची होती तेव्हा मी हे बोलून गेले. तिथली एक सहकारी म्हणाली की त्यांच्याकडे हा प्रत्येक दुसऱ्या घरातला विषय आहे. आयर्लंडच्या सरकारने १९४७ ते १९५७ या काळात स्वातंत्र्यलढ्यातल्या १,७७३ जणांच्या साक्षी लिहून घेतल्या आणि पुलाबिस्त्यात बंद करून ठेवल्या. शेवटचा साक्षीदार गेल्यावर, २००३ मध्ये, त्या लोकांना वाचायला खुल्या केल्या. लोकमान्यांनी आणि ॲनी बेझंटबाईंनी १९१६ मध्ये 'होमरूल' हा शब्द ज्या देशाकडून घेतला, त्याच देशाची ही गोष्ट. तिने मार्गारेट स्किनिडर नावाच्या बाईबद्दलही सांगितलं. १९१६ च्या उठावात डब्लिनमध्ये लढताना तिला गोळ्या लागल्या. पण तिने पेन्शन मागितली तेव्हा सांगण्यात आलं की कायद्यातला 'सैनिक' म्हणजे पुरुष. पेन्शन मिळाली ती १९३८ मध्ये.

शेवटी ती म्हणाली, "यादीत नाही म्हणजे नव्हताच असं नसतं. पण घरच्यांनी सांगितलं म्हणजे होताच, असंही नसतं. तुमच्याकडे त्या वेळचं कोणी जिवंत आहे का?"

होतं. पणजोबांची धाकटी लेक, आमची आत्याआजी, मोहाडी तालुक्यात असते. १९४२ मध्ये ती आठ-नऊ वर्षांची होती. त्या दिवाळीत मी तुमसरला आले आणि तिच्याकडे गेले. फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "मोठे बाबाजी दोन वर्षं कोणत्या जेलात होते?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दोन वर्षं? कोन म्हनते? दोन महिन्यात तं आला तो."

मग तिने सगळं सांगितलं. पणजोबा बाजारात धान मोजायचं काम करत. पुढारी वगैरे नव्हते. लोक निघाले म्हणून तेही निघाले. "गोळी चालली तवा तोबी पळाला. सारेच पळाले. मंग वापस गेला अन् एका पोट्ट्याले पाठीवर घेऊन आला. धोतर सारं लाल." चार दिवसांनी रात्री पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. घरी चार लेकरं, बांध्यांमध्ये धान उभं, कापायला माणूस नाही. पणजी रोज चालत जाऊन हात जोडायची. शेवटी दोन जामीनदार तिनेच उभे केले. पुन्हा अशा कामात पडणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर पणजोबांनी सही केली आणि कापणीच्या आधी घरी आले.

"आला, पन बोलेना. दोन वर्षं कोनाशी धड बोलला नाही. बाजारात जाये, खाली मान घालून वापस ये. मायला म्हने, तू मले सोडवलं नाही, तू मले विकलं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. आमच्या घरातली 'दोन वर्षं' ही अशी होती. ती तुरुंगातली नव्हतीच, ओसरीवरची होती.

आत्याआजीने पेटीतून कापडात गुंडाळलेला कागद काढून दिला. घडीवर फाटलेला, शाई उडालेली. जामिनाची रक्कम वाचता येत नाही, पण देवनागरीतली सही स्पष्ट आहे. ज्या कागदाची लाज वाटली तोच माणसाने जन्मभर जपून ठेवावा, याचा अर्थ मी अजून लावते आहे.

पुण्याला परत येताना गाडीत मला आधी वाईट वाटलं, मग स्वतःचाच राग आला. पळून गेलेला माणूस परत फिरला, गोळीबाराच्या जागी गेला, एका पोराला उचलून आणलं. एवढं मला कमी का वाटावं? आणि पणजी? घरातल्या कोणत्याच गोष्टीत तिचं नाव नव्हतं. लेकरं जगवली, धान घरात आणलं, आणि बदल्यात नवऱ्याचा अबोला सोसला. मुलीच्या प्रकल्पात मग दोन नावं लिहिली, पणजोबांचं आणि पणजीचं. काका महिनाभर नाराज होते. नंतर त्यांनीच त्या कागदाचा फोटो मागून घेतला.

आत्याआजी गेल्या वर्षी गेली. तिचं त्रेचाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, तुमसरला, आसपासच्या खेड्यांत, खाणींच्या गावांत, अजून कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल. १९४२ नसेल आठवत तर खाणी आठवतील, धानाचा बाजार आठवेल, पूर आठवतील. या दिवाळीत गावी जाल तेव्हा अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि फोन चालू ठेवा. अभिमानाच्या गोष्टी ते आपणहून सांगतील. तुम्ही न सांगितलेल्याही विचारा. रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठवा. नीट नावं, तारखा लावून ठेवण्याचं काम माझं, आणि एक प्रत आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला देऊ.

आणि सर, मेळाव्याला तुम्ही पहिल्या रांगेत असालच. नववीतल्या भाषणातली ती दोन वर्षं मी परत घेते. बक्षिसात मिळालेलं पुस्तक अजून माझ्याकडे आहे, तेवढं मात्र राहू द्या. कागद घेऊन येते आहे, तुम्हाला दाखवायला.