दशावतारातला नववा

मी इतिहासाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढता-उतरता आणि जुनी पुस्तके चाळता चाळता जे हाती लागले, तेवढीच माझी पुंजी. त्यामुळे २०१७ साली पुतण्याने ‘काका, हे तुमच्या विषयातले आहे’ असे म्हणत कानाला हेडफोन लावला आणि आतून गिटारी व ढोलांचा कल्लोळ सुरू झाला, तेव्हा त्याने माझी थट्टा चालवली आहे असेच मला वाटले. अल्बमचे नाव मात्र खरोखरच ‘दशावतार’ होते. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडचा तो नवा अल्बम.

या संगीताला डेथ मेटल म्हणतात. १९८०च्या दशकात ते अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, आकाराला आले. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावलेल्या, ड्रमवर दोन्ही पायांचा अखंड मारा आणि गायकाचा आवाज घशाच्या तळातून निघणारी गुरगुर. नवख्या कानाला त्यातले शब्द कळत नाहीत. मृत्यू, युद्ध, धर्मावरचा अविश्वास हे त्याचे आवडते विषय. साहिल माखिजा यांनी २००० साली मुंबईत हा बँड उभा केला. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) आणि ‘द डिमन किंग’ (२०१४) हे त्यांचे आधीचे अल्बम. २०१० साली ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात त्यांना ‘ग्लोबल मेटल’चा पुरस्कार मिळाला. पाश्चात्त्य धाटणीच्या अंधारात आणि राक्षसांत सतरा वर्षे वावरलेला हा बँड आता आपल्या पुराणांकडे वळला होता. मत्स्यापासून कल्कीपर्यंत क्रमाने दहा गाणी, प्रत्येक अवताराला एक.

स्वागत चांगले झाले. मला वाचायला मिळालेल्या परीक्षणांत भर होता तो दोन गोष्टींवर : भारतीय वाद्यांचा वापर आणि विषयाचा वेगळेपणा. परदेशी परीक्षक आपल्या वाचकांना अवतार म्हणजे काय ते समजावून सांगत होते. या लेखनात दहाची यादी मात्र जणू आकाशातून पडल्यासारखी गृहीत धरलेली होती.

ती तशी नाही, हे मला पुतण्याच्या एका मित्राने जाणवून दिले. तो गिटार वाजवतो, अल्बमवर त्याचे प्रेम आहे. एकदा घरी आला असता सहज म्हणाला, “काका, सगळा अल्बम पाठ आहे. फक्त नववे गाणे मी पुढे ढकलतो.” नववे गाणे म्हणजे ‘बुद्ध’. त्याचे पणजोबा काळाराम मंदिर सत्याग्रहात होते. मी पुढे काही विचारले नाही, पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही आणि मी यादीच्या मागे लागलो.

दहाची यादी सर्वत्र सारखी नाही. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्याला आपण ‘दशावतार’ म्हणतो, पण तिथे दहा अवतारांची रांग नाही. एका बाजूला विष्णूची रूपे आहेत, तर समोरच्या बाजूला शिवाची. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त आठवा अवतार बलराम आहे, कारण तिथे कृष्ण हाच सर्व अवतारांचे मूळ मानला आहे. नववे स्थान तर सर्वांत अस्थिर. भागवतात बुद्ध येतो तो देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी. जयदेवाकडे तोच बुद्ध पशूंच्या दयेने यज्ञाचा निषेध करतो. महाराष्ट्रात तर पंचांगांच्या चित्रांत नवव्या जागी अनेकदा विठ्ठल उभा दिसतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात या नात्याची चर्चा केली आहे. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९५४मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीच्या स्थापनेच्या वेळी, पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे, असे मत मांडले होते. म्हणजे एका बाजूने बुद्धाला विष्णूच्या रांगेत बसवले जात होते आणि दुसऱ्या बाजूने विठ्ठलावर बुद्धाचा हक्क सांगितला जात होता.

नाशिककराला हा वाद पुस्तकी वाटू शकत नाही. २ मार्च १९३० रोजी रामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे साफ नाकारते. ज्या देवाच्या दारात पणजोबांना उभे राहू दिले नाही, त्याच देवाच्या यादीत आपला गुरू नववा म्हणून मोजलेला ऐकणे पणतवाला जड जाणारच.

बँडच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. अल्बममध्ये प्रत्येक अवताराच्या नावापुढे एक विशेषण आहे. राम राजा, कृष्ण गोपाळ आणि बुद्ध ‘द टीचर’, म्हणजे शिक्षक. भागवतातला मोह पाडणारा बुद्ध त्यांनी घेतला नाही. प्रचलित यादी स्वीकारली, पण तिच्यातला विखार बाजूला ठेवला. हे जाणीवपूर्वक झाले की सहज, हे मी सांगू शकत नाही. पण यादी स्वीकारली की तिचा इतिहासही सोबत येतो, आणि परीक्षकांनी वाद्यांबरोबर तोही ऐकायला हवा होता असे मला वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलाला मी पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात घेऊन गेलो. तिथे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला लेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेने ते लेणे भदावनीय पंथाच्या बौद्ध भिक्खूंना दान दिले आहे आणि त्याच लेखात आपला पुत्र राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्यासारखा पराक्रमी होता असे म्हटले आहे. इथला राम म्हणजे बलराम, असे काही अभ्यासक मानतात. दान बुद्धाच्या संघाला आणि उपमा राम-केशवाची. दोघे एकाच भिंतीवर आहेत, पण कुणी कुणाचा अवतार नाही.

त्याने मोबाइलच्या उजेडात अक्षरांवरून नजर फिरवली आणि राम कुठे लिहिले आहे ते मला दाखवायला लावले. उतरताना मी विचारले, आता नववे गाणे ऐकणार का? “नाही,” तो म्हणाला, “पण का ऐकत नाही, ते आता नीट सांगता येईल.”