हेर कार्लला साक्षीला बोलवायचं का?

कॅबरे म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातले क्लबमधले नाच आठवतात. व्हिएन्नात मात्र कॅबरे म्हणजे छोट्या थिएटरात, थोड्या प्रेक्षकांसमोर केलेली राजकीय टवाळी. आज अशाच एका एकपात्री प्रयोगाबद्दल सांगतो, कारण त्याने माझ्या पीएच.डी.तली एक घोडचूक मला दाखवून दिली.

१५ नोव्हेंबर १९६१. ऑस्ट्रियाच्या टीव्हीवर 'डेर हेर कार्ल' दाखवलं गेलं. लेखक कार्ल मेर्त्स आणि हेल्मुट क्वाल्टिंगर, दिग्दर्शक एरिख नॉयबर्ग. समोर एकच माणूस: किराणा दुकानाच्या तळघरातल्या गोदामात काम करणारा, पन्नाशी उलटलेला, जाडा, गोडबोल्या कार्ल. ही भूमिका करणारा क्वाल्टिंगर तेव्हा फक्त ३३ वर्षांचा होता! कार्ल नव्याने लागलेल्या एका पोराला आपलं आयुष्य ऐकवतो. ते पोरगं आपल्याला दिसत नाही. म्हणजे त्याच्या जागी आपणच बसलेलो असतो.

वरवर कार्ल फार मनमिळाऊ वाटतो. पण नीट ऐका, त्याला माणसांचा तिटकारा आहे. बायका असोत की शेजारी, कुणाबद्दल धड शब्द नाही. प्रेम फक्त स्वतःवर. १९३४ पर्यंत तो समाजवादी, मग पाच शिलिंग घेऊन उजव्यांच्या मोर्चात, मग पुन्हा पाच शिलिंग घेऊन नाझींच्या मोर्चात. युद्धानंतर दोस्तांचे सैनिक आले, त्यांच्याशीही जमवून घेतलं. १९३८ मध्ये हिटलरसाठी चौकात जमलेली गर्दी आणि १९५५ चा स्वातंत्र्याचा करार, दोन्ही आठवणी तो सारख्याच मजेत सांगतो.

यातला एक प्रसंग मी चार वेळा पाहिला. त्याची पार्श्वभूमी अशी: १३ मार्च १९३८ ला ऑस्ट्रियाच्या स्वातंत्र्यावर मतदान व्हायचं होतं. ते रद्द झालं आणि १२ तारखेला जर्मन सैन्य आत आलं. मतदानाच्या घोषणा रस्त्यांवर रंगवलेल्या तशाच राहिल्या होत्या. त्या ज्यू नागरिकांना गुडघ्यांवर बसवून घासायला लावल्या आणि भोवती बघे हसत उभे होते. (पुढच्या सात वर्षांत ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू मारले गेले.) कार्लच्या इमारतीत टेनेनबाउम नावाचे ज्यू गृहस्थ राहतात. कार्ल त्यांना तिथे घेऊन गेला. त्याच्या मते त्याने फक्त 'नेलं', बाकी काही नाही. युद्धानंतर ते रस्त्यात भेटतात, कार्ल नमस्कार करतो, ते उत्तर देत नाहीत. आणि कार्लला खरंच वाईट वाटतं! कुणीतरी पुसायलाच हवं होतं ना ते, असा त्याचा सूर.

प्रसारणानंतर तक्रारीची पत्रं आणि फोन यांचा पाऊस पडला. हान्स व्हायगेल या समीक्षकाने तेव्हा अशा अर्थाचं म्हटलं होतं की एका विशिष्ट प्रकारच्या माणसाच्या पायावर पाय द्यायचा होता, ओरडला मात्र अख्खा देश. का ओरडला? १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटलं होतं. त्याच जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाच्या जबाबदारीचाही उल्लेख होता, पण तो सोयीस्करपणे मागे पडला. युद्धानंतर पाच लाखांहून जास्त लोकांची नाझी पक्षाचे सदस्य म्हणून नोंद झाली आणि १९४८ मध्ये त्यातल्या बहुतेकांना माफीही मिळाली. चॅन्सेलर व्रानित्स्की यांनी संसदेत सहभागाची जबाबदारी मान्य केली ती थेट जुलै १९९१ मध्ये.

आता आपल्या कामाचा प्रश्न. हे नाटुकलं इतिहासाचं साधन म्हणून वापरता येईल का? १९३८ मध्ये काय घडलं याचा पुरावा म्हणून अजिबात नाही. कार्ल काल्पनिक आहे. पण १९६१ मध्ये लोक १९३८ बद्दल कसं बोलायचे, याचा तो फार चांगला पुरावा आहे. कार्लला सभ्य दिसायचं असलं की तो व्हिएन्नाची बोली सोडून अवघडलेली शुद्ध जर्मन बोलायला लागतो. हे छापील संहितेवरून पुरतं कळत नाही, रेकॉर्डिंग ऐकावंच लागतं. आणि ती संतापाची पत्रं? तीही साधनच, पण जपून. पत्र लिहितो तो चिडलेला माणूस. जो हसला, किंवा टीव्ही बंद करून गप्प झोपला, तो तुमच्या सॅम्पलमध्ये आलाच नाही. मी मूळचा केमिस्ट्रीचा, त्यामुळे हा मुद्दा मला पटकन दिसला. दुसरा दिसायला वेळ लागला.

माझा विषय प्रयोगशाळांचा इतिहास. त्यासाठी एका निवृत्त सहायकांची मुलाखत घेतली होती. अतिशय प्रेमळ काका, दोनदा चहा, वर चिवडा. एका सहकाऱ्याबद्दल ते म्हणाले, "त्याला काढून टाकण्यात आलं. आम्ही काय, आपलं काम करत होतो." मी ते जसंच्या तसं उतरवलं आणि प्रकरणात 'घटना' म्हणून टाकलं. गाईड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: कोणी? आपल्या भाषेत ही सोय फार छान आहे बघा. 'करण्यात आलं', 'होऊन गेलं', 'तेव्हा तसंच होतं'. कर्ताच गायब!

काका म्हणजे कार्ल, असं मी म्हणत नाहीये. ते खरोखर चांगले असतील, त्या प्रकरणात त्यांचा हातही नसेल. पण माझ्या वहीत 'चांगला माणूस' हा शेरा होता आणि त्या शेऱ्यामुळे मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. तळघरातल्या त्या पोरासारखा नुसता ऐकत बसलो.

ते पान आता प्रकरणातून काढलंय. पुढच्या महिन्यात परत जायचंय. त्याच्याआधी त्या वर्षीचं हजेरीपुस्तक मिळतंय का ते बघतोय, कारण काढलेला माणूस नेमका कुठल्या तारखेपासून गैरहजर आहे हे हातात नसेल, तर काकांना विचारणार तरी काय?