'विक्रांत'चे अकरा वर्षांचे संग्रहालय

मांडवीपासून समुद्र दूर असला तरी गायकवाडांचेही आरमार होते. त्याचे ठाणे बिलीमोऱ्याला, आणि 'सुभा आरमार' या नावाने ते ओळखले जाई. लाकडी गलबते गेली. त्यांच्यासाठी दप्तरे चाळावी लागतात. पोलादी युद्धनौका तरी राहील, असे आपण धरून चालतो. 'विक्रांत' राहिली नाही.

ब्रिटनमध्ये १९४५ साली पाण्यात उतरलेली, पण अर्धवट राहिलेली 'हर्क्युलिस' भारताने १९५७ साली विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाली. १९७१च्या युद्धात तिचा एक बॉयलर तडकलेला होता. वेग अपुरा असूनही तिच्या 'सी हॉक' आणि 'अलिझे' विमानांनी ४ डिसेंबरपासून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ साली मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली.

संग्रहालय म्हटले की आपल्यापुढे कमाटीबागेतली इमारत उभी राहते. वस्तू कपाटात, वर छप्पर. इथे वस्तू हीच इमारत होती. सातशे फूट लांबीची, आणि खाऱ्या पाण्यात. दर पावसाळ्यागणिक पोलाद गंजत होते. त्यात ती नौदलाच्या गोदीत, म्हणजे पहाऱ्याच्या आत.

विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडीचे वेगळे झाले. २००१ साली निवृत्त होताच ती ओढून किनाऱ्यावर आणली गेली, आणि २००२पासून लोक तिच्या पोटातून फिरून येतात. पाणबुडी 'विक्रांत'पेक्षा कितीतरी लहान, हे मान्य. तरी तिथे आधी जागा ठरली. 'विक्रांत'साठी मात्र महाराष्ट्र सरकार कायमचा भागीदार शोधत राहिले. तो मिळाला नाही. तोवर प्रदर्शन तात्पुरतेच चालले.

२०१२ साली नौका धोकादायक ठरून संग्रहालय बंद झाले. जानेवारी २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वाचवण्यासाठीची याचिका फेटाळली. सुमारे साठ कोटींना ती भंगारात गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात दारूखान्याला तोडणी सुरू झाली. पैसा नाही, हे न्यायालयांपुढे आलेले कारण खोटे नव्हते. पण माझ्या मते खरी चूक १९९७ सालची. नौका कुठे ठेवायची आणि दरवर्षीचा खर्च कोणी सोसायचा, हे तेव्हाच ठरायला हवे होते.

तिच्या पोलादाचा काही अंश पुढे बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत गेला. जानेवारी २०१६मध्ये मुंबईत, नौदल गोदीजवळच्या रस्त्यावर तिच्याच धातूतून घडवलेले एक शिल्प उभे राहिले.