रॅप, कीर्तन आणि राजनांदगावची गाडी

गोंदिया स्टेशन दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक तांदूळ आणि दुसरी गाडी बदलणं. भात खाल्ला की झोप येते, आणि गाडी बदलायची असल्यामुळे ती घेता येत नाही, असा हा सगळा मामला आहे. धर्मासाठी लोक आळंदीला जातात, संगीतासाठी मिरजेला जातात, आणि दोन्हींवर वाद घालायला पुण्याला जातात. गोंदियाला त्यासाठी कुणी येत नाही. त्यामुळे ख्रिस्ती रॅपच्या इतिहासात गोंदियाचं नाव सापडत नसेल, तर त्यात नवल नाही. पण अन्याय मात्र आहे, आणि तो दूर करायला कुणी पुढे येत नसल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं आहे.

आधी रॅप म्हणजे काय ते बघू. आमचा पुतण्या कानात बोंडं खुपसून मान हलवत बसतो, त्याला विचारलं तर तो म्हणतो, "काका, ते तुम्हाला नाही कळणार." वास्तविक झाडीपट्टीतल्या माणसाला ते न कळायला काय झालं? आमच्याकडे खडी गंमत आहे. शाहीर उभा राहतो, ढोलकी कडाडते, आणि शब्दांवर शब्द आदळायला लागतात. कलगीवाला सवाल टाकतो, तुरेवाला जबाब देतो, आणि जो अडखळला त्याची रात्र गेली! हेच अमेरिकेत सुरू झालं, तेव्हा त्याला हिप-हॉप म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीनं शाळेचे नवे कपडे घेण्यासाठी पैसे जमवायला पार्टी भरवली. तिचा भाऊ कूल हर्क यानं तिथं तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानतात. बहिणीच्या कपड्यांपायी जगाचं संगीत बदललं; आमच्याकडे अशा वेळी भावाचं फक्त पाकीट बदलतं.

पुढे या तालावर देवाचं नाव घेण्याची कल्पना काही तरुणांना सुचली. ओक्लाहोमाच्या स्टीफन वायली यांची 'बायबल ब्रेक' ही १९८५ ची कॅसेट या प्रकारातल्या अगदी पहिल्यांपैकी मानली जाते. पण या मंडळींची स्थिती धोब्याच्या कुत्र्यासारखी झाली. चर्चमधली वडीलधारी म्हणत, "ही गल्लीतली बडबड, ही देवळात नको." गल्लीतले म्हणत, "हे प्रवचन, हे गल्लीत नको." मोठ्या कंपन्यांचा धंदा दोन्हींकडे, त्यामुळे त्या कुठलीच जोखीम घेईनात. मग छोट्या स्वतंत्र कंपन्या निघाल्या. अशा कंपनीचं ब्रह्मास्त्र म्हणजे संकलनाची कॅसेट. ज्याची एकट्याची कॅसेट काढणं परवडत नाही, अशा दहा-बारा जणांचं एकेक गाणं एकत्र बांधायचं. आपल्याकडचा 'प्रातिनिधिक कवितासंग्रह' असाच असतो. फरक एवढाच, की आपल्याकडे त्याच्या प्रतीही कवींनाच विकत घ्याव्या लागतात.

आता तुम्ही म्हणाल, यात गोंदिया कुठं आलं? येतं आहे, सिग्नल पडू द्या.

गल्लीतल्या चालीवर देवाचं गाणं बसवण्याचा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स यांच्यापुढे हाच प्रश्न होता. नवे ख्रिस्ती झालेले लोक म्हणत, आमची पुराणं गेली, आता ऐकायचं काय? स्टीफन्सनी ज्ञानेश्वरांच्या ओवीलाच हात घातला, आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापून निघालं. पुढे अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग तोच, उत्तररंग तोच, झांजाही त्याच. आख्यान मात्र बायबलातलं. बाकी बऱ्याच ठिकाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर ओढूनताणून म्हटली जात. तीन मात्रांच्या जागेत पाच मात्रा बसवायच्या म्हणजे गर्दीच्या डब्यात लग्नाचं वऱ्हाड चढवण्यासारखं आहे. बसतात सगळे, पण कुणाचा पाय कुणाच्या पायावर ते कळत नाही.

आणि आता गाडी आली. १८९३ च्या सुमाराला नारायण वामन टिळक हे कवी नागपुराहून राजनांदगावला निघाले. बंगाल-नागपूर रेल्वेची ती वाट गोंदियावरूनच जाते. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा व्हायला त्याला १९९९ सालचा १ मे उजाडावा लागला. डब्यात एक गोरा मिशनरी होता. गप्पा सुरू झाल्या, त्या काव्यावरून धर्मावर गेल्या. साहेबानं टिळकांना 'नवा करार' दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. रेल्वेत भेटलेला माणूस काहीही सांगतो आणि आपण "हो हो" म्हणून उतरतो. पण हे भाकीत खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नातीगोती तुटली. लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण खदखदून हसतो, आणि मधेच एखाद्या पानावर डोळे पुसावे लागतात. पण एवढं सगळं सोडणाऱ्या टिळकांनी एक गोष्ट सोडली नाही: कान. धर्म बदलता येतो, गाव बदलता येतं, गोंदियाला गाडी तर बदलावीच लागते. पण लहानपणी ओवी-अभंग ऐकलेला कान बदलून मिळत नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. टाळ-मृदंगाची चाल चर्चला शोभेल का, ही कुरकुर त्या काळीही होतीच. ब्रॉन्क्सच्या पोरांना पुढे जे ऐकावं लागलं, ते नगरात आधीच ऐकून झालं होतं.

शेवटी १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथं जागा होती. याला आजच्या भाषेत स्वतंत्र लेबल म्हणतात! पगार नाही, वरचा साहेब नाही, आणि गाणं आपलं. दरबार फार दिवस चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

आणि संकलन? ते आहे की! मराठी चर्चमध्ये रविवारी जे 'उपासना संगीत' उघडतात, ते अनेक कवींचं एकत्र बांधलेलं पुस्तक आहे, आणि त्यात टिळकांचा वाटा भरघोस आहे. ज्या चालींवर एके काळी नाकं मुरडली, त्याच आता नंबर सांगून उभं राहून म्हणतात. आज ती जुनी आणि सोज्वळ वाटतात.

उद्या गोंदियाचा एखादा पोरगा झाडीबोलीत, ढोलकीच्या ठेक्यावर, येशूचं रॅप म्हणायला उभा राहिला, तर पहिल्या बाकावरचे आजोबा घसा खाकरतील. खाकरू द्यावं त्यांना. त्यांच्या नातवंडांच्या पुस्तकात त्या गाण्याला नंबर मिळेल, आणि तोपर्यंत दुसऱ्याच कसल्यातरी संगीतावर घसा खाकरायची पाळी त्या पोरग्यावर आलेली असेल.