बालक्रीडाचित्रे, चिनी

वसंतोत्सवात रमलेल्या बालकांची शुभसूचक चित्रे रंगविण्याची चीनमधील प्राचीन परंपरा. चिनी भाषेत बालक्रीडेच्या चित्रांना ‘यिंग-शी-थू’ अशी संज्ञा आहे. चांद्रवर्षाचा आरंभ हाच वसंतागमनाचा उत्सव असल्याने नववर्षाच्या गृहसजावटीत अशा चित्रांना विशेष स्थान लाभले.

सुंग काळात (९६०–१२७९) हा स्वतंत्र चित्रविषय म्हणून रूढ झाला. बाराव्या शतकातील दरबारी चित्रकार सू हान्-छन् हा त्याचा सर्वांत ख्यातनाम प्रतिनिधी होय. त्याची मानली जाणारी, उद्यानात खेळणाऱ्या मुलांची चित्रे तैवानमधील तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहेत.

या चित्रांतील प्रतीके बव्हंशी समोच्चारी शब्दांवर आधारलेली आहेत. ‘यू’ या उच्चाराने मासा व शिल्लक, तर ‘ल्यन्’ या उच्चाराने कमळ व सातत्य असे अर्थ व्यक्त होतात. त्यामुळे मासा व कमळ घेतलेले गुटगुटीत बालक म्हणजे वर्षानुवर्षे सुबत्ता लाभो, ही सदिच्छा ठरते. ‘यांग’ म्हणजे मेंढा, तसेच उष्ण व तेजोमय असे विश्वतत्त्व. वर्षाच्या पहिल्या महिन्याचे पारंपरिक चिन्ह तीन यांगरेषांनी युक्त असल्याने तीन मेंढ्यांसह दाखविलेली मुले शिशिराचा अंत सुचवितात. युआन काळातील (१२७१–१३६८) भरतकामातही ही कल्पना आढळते. फटाके अरिष्टनिवारणाचे, तर असंख्य दाण्यांचे डाळिंब बहुपुत्रतेचे द्योतक आहे. ‘शतपुत्र’ हा आवडता विषय जौ वंशातील वन राजाला शंभर पुत्र होते, या समजुतीवरून आला.

या आनंदी दृश्यांमागे चिंतेची छाया आहे. बालमृत्यूंचे प्रमाण मोठे होते आणि पितरांची पूजा व कुलाचे सातत्य पुत्रावर अवलंबून होते. म्हणूनच चित्रांतील मुले बहुतांशी मुलगे असून ती निरोगी व सुखवस्तू दाखविली आहेत. मुलींना क्वचितच स्थान मिळते. शतपुत्रांची चित्रे विवाहप्रसंगीच्या वस्त्रांवरही काढीत. तेव्हा ही चित्रे बाल्याच्या वास्तव चित्रणापेक्षा वडीलधाऱ्यांची प्रार्थनाच अधिक व्यक्त करतात.

मिंग (१३६८–१६४४) व चिंग (१६४४–१९११) काळांत त्येन्‌जिनजवळील यांगल्यूछिंग आणि सूजौ येथील थाव्ह्वावू या केंद्रांतून लाकडी ठशांनी छापलेली स्वस्त नववर्षचित्रे (न्यन्-ह्वा) प्रसृत झाली आणि दरबारी विषय सामान्यांच्या घरी पोहोचला. जुने चित्र काढून दरवर्षी नवे लावण्याची प्रथा असल्याने त्यांतील फारच थोडी टिकली. १९४९ नंतर या चित्रांतील बालकांच्या हाती भरघोस पीक, यंत्रे अशी नवी प्रतीके आली. मूळची शुभकांक्षा मात्र कायम राहिली.